यानाचा रस्ता शोधण्यात कुणाचं आयुष्य कसं जातं?

आमच्या वाईतल्या गणपती आळीतली एक मुलगी पीएच.डी.ला निघाली, तेव्हा निरोपाच्या चहाला शेजारीपाजारी जमले होते. विषय काय घेतलास, असं कुणीतरी विचारलं. "अंतराळयानांचे मार्ग," ती म्हणाली. तात्यांनी बशी खाली ठेवली. तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, धोम धरणाच्या कालव्यांवर त्यांची हयात गेली. म्हणाले, "अगं पोरी, आभाळात रस्ता कसला आलाय? ना खड्डा, ना वळण, ना आडवा येणारा ट्रक. नेम धरायचा न् सोडायचं. त्याला चार-पाच वर्षं कशाला?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अपोलो-११ मधली माणसं १९६९ साली चार दिवसांत चंद्रावर उतरली, मग २०२३ मध्ये आपल्या चांद्रयान-३ ला चाळीस दिवस का लागले? आदित्य-एल१ सूर्याकडे निघालं, ते चार महिन्यांनी 'काहीच नसलेल्या' जागी पोचलं आणि तिथेच घिरट्या घालत राहिलं, हे काय प्रकरण आहे? आणि नोव्हेंबर २०२५ मधली बातमी तर बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटलीच. चांद्रयान-३ च्या लँडरला चंद्रापर्यंत सोडून आलेलं प्रोपल्शन मॉड्यूल पृथ्वीभोवती फिरत होतं. ते चंद्राजवळून गेलं आणि इंजिनाच्या जोरावाचून त्याची वाट पार बदलली. हे सगळे प्रश्न एकाच विषयातले आहेत आणि त्यावर जगात काही माणसांनी चाळीस-चाळीस वर्षं घातली आहेत.

यानाच्या या वाटेला शास्त्रीय मराठीत 'प्रक्षेपमार्ग' म्हणतात. विश्वकोशाचं कार्यालय आमच्याच गावात असल्यामुळे हा शब्द एकदा नीट लिहून ठेवते. पुढे मात्र वाट किंवा रस्ता असंच म्हणणार आहे.

नेम धरून का सोडता येत नाही?

एसटी पुढे जाते ती इंजिन चालू असतं म्हणून. घाटात इंजिन बंद पडलं की गाडी थांबते. यानाचं तसं नाही. त्याचं इंजिन प्रवासातला जवळजवळ सगळा वेळ बंद असतं. आदित्य-एल१ चा प्रवास सुमारे १२६ दिवसांचा होता. शेवटच्या साडेतीन महिन्यांच्या लांब टप्प्यात वाट दुरुस्त करायला ६ ऑक्टोबर २०२३ ला इंजिन चाललं, ते फक्त १६ सेकंद.

मग उरलेला वेळ यान काय करतं? पडत असतं. हे वाचायला विचित्र वाटेल, पण सगळ्या विषयाचा पाया हाच आहे. गोफणीतून सुटलेला दगड बघा. सुटल्यावर त्याला कुणी ढकलत नाही, तो वाकून खाली येतो. अजून जोरात सोडला तर अजून लांब जाऊन पडेल. इतक्या जोरात सोडला, की तो पडता पडता खालची जमीनच गोल वळून बाजूला होत राहिली, तर तो पडतच राहील आणि जमिनीला कधी टेकणार नाही. या न संपणाऱ्या पडण्यालाच कक्षा म्हणतात. चंद्रसुद्धा आपल्याभोवती असाच पडतो आहे, सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने.

म्हणजे निघायची जागा हलतेय, पोचायची जागा हलतेय आणि मधल्या वाटेवर पृथ्वी, चंद्र, सूर्य तिघेही यानाला ओढताहेत. नेम धरायचा तो चंद्र आज जिथे आहे तिथे नव्हे, तर आपण पोचू तेव्हा जिथे असेल तिथे. मंगळाच्या बाबतीत तर निघायची सोयीची वेळ २६ महिन्यांतून एकदाच येते. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं, ते त्या वेळची पाळी साधून. पाळी हा शब्द मी मुद्दाम वापरला. कालव्याच्या पाण्यासारखंच आहे ते: आपली पाळी हुकली की पुढच्या पाळीपर्यंत बसायचं.

मग इंधन जास्त भरा की!

तात्यांचा पुढचा मुद्दा हाच होता. त्याला उत्तर बैलगाडीचं देते. समजा पंढरपूरला गाडीने निघालात आणि वाटेत कडबा कुठेच मिळणार नाही. मग बैलांचा कडबा गाडीतच भरायला हवा. कडब्याने गाडी जड झाली, म्हणून आणखी एक जोडी जुंपली. त्या जोडीलाही कडबा लागतो, मग दुसरी गाडी. असं करता करता चार माणसांच्या वारीला चाळीस गाड्यांचा तांडा होतो आणि त्यातल्या एकोणचाळीस गाड्यांत कडबाच असतो.

अपोलोला नेणारा सॅटर्न-५ हा तसा तांडा होता, सुमारे २९०० टनांचा. चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटने गेलं ते ६४० टनांचं. त्याला यान थेट चंद्राकडे भिरकावणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने ते १७० बाय ३६,५०० किलोमीटरच्या, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळ १७० आणि सर्वांत लांब ३६,५०० किलोमीटरवर जाणाऱ्या, लांबुळक्या कक्षेत सोडलं. पुढचं काम यानाच्या स्वतःच्या लहान इंजिनाचं. प्रोपल्शन मॉड्यूलच्या साधारण २१५० किलोंपैकी १७०० किलोंच्या आसपास नुसतं इंधन होतं.

ते वापरलं कसं, तर पंचमीच्या झोक्यासारखं. झोका उंच न्यायला आपण सारखं ढकलत नाही. तो खाली येऊन सर्वांत वेगात असतो तेव्हा नेमका जोर लावतो आणि दर फेरीला झोका थोडा वर जातो. यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतं तेव्हा त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि तिथे दिलेला धक्का सर्वांत फळतो. असे पाच धक्के देत कक्षा वाढवली, १ ऑगस्टला चंद्राकडे उडी मारली, ५ ऑगस्टला चंद्राने धरलं. चाळीस दिवसांचा हिशोब हा असा. त्यात आळस नव्हता, काटकसर होती.

धारेवरचा थेंब

इथपर्यंतचं गणित न्यूटनच्या काळापासून माहीत होतं. खरी गंमत पुढे आहे, आणि ती समजायला सातारा जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात एका गोमुखातून पाच नद्या निघतात, अशी आपली श्रद्धा. त्यातली कृष्णा पूर्वेला उतरते, वाईच्या घाटांना लागते, माहुलीला वेण्णेला आणि कराडला कोयनेला घेऊन सांगलीकडे जाते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरते आणि अरबी समुद्र गाठते. सह्याद्रीच्या धारेवर पावसाचा थेंब पडतो तेव्हा तो कुठल्या समुद्राला जाणार हे वाऱ्याच्या झुळकीवर ठरतं. वीतभर इकडे की वीतभर तिकडे, एवढाच फरक. पण शेवट देशाच्या दोन टोकांना.

अंतराळातही अशा धारा आहेत. तिथे डोंगर नसतात, ओढींचे चढउतार असतात. आणि दोन खोऱ्यांच्या मधे जशी खिंड, तशा त्यात काही खिंडी आहेत. सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधली खिंड म्हणजे एल-१. 'एल' हे फ्रान्समध्ये काम केलेल्या लाग्रांज या गणितज्ञाच्या नावाचं आद्याक्षर.

इथे एक चुकीची समजूत काढून टाकायला हवी, कारण ती मी चांगल्या चांगल्या वर्गांत ऐकली आहे. 'एल-१ म्हणजे सूर्याची आणि पृथ्वीची ओढ सारखी होते ती जागा.' नाही. ओढ सारखी होते ती जागा पृथ्वीपासून जेमतेम २ लाख ६० हजार किलोमीटरवर आहे, चंद्राच्याही अलीकडे. एल-१ तर १५ लाख किलोमीटरवर आहे. मग तिथे काय जुळतं?

खळ्यावर बैलांनी मळणी होताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. मधे तिवडा, त्याभोवती एका ओळीत जुंपलेले बैल. आतला बैल आणि बाहेरचा बैल फेरी एकाच वेळी पुरी करतात, कारण दाव्याने एकमेकांना बांधलेले असतात. सूर्याभोवती मात्र दावं नाही. जो जवळ असतो तो भराभर फिरतो. पृथ्वीपेक्षा १५ लाख किलोमीटर आतून फिरणारं यान वर्षाची फेरी पाच-सहा दिवस आधीच संपवून पुढे निघून जाईल. पण पृथ्वी त्याला मागून थोडी ओढते. त्या ओढीने सूर्याची पकड तेवढी सैल पडते, यानाचा वेग मंदावतो आणि फेरी पृथ्वीच्या बरोबरीने होते. पृथ्वीची ओढ हेच तिथलं दावं. म्हणून आदित्य कायम आपल्या आणि सूर्याच्या मधे राहतो.

नेमक्या खिंडीत का बसत नाहीत?

दोन कारणं. पृथ्वीवरून त्या बिंदूकडे पाहिलं तर मागे थेट सूर्य असतो आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटात यानाचा क्षीण आवाज बुडून जातो. दुसरं, खिंडीत कुणी स्वस्थ बसू शकत नाही. चेंडू ठेवला तर तो या नाही तर त्या बाजूला घरंगळणारच. म्हणून यान त्या बिंदूभोवती मोठं कडं धरून फिरतं. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते तसं ते कडं दिसतं, म्हणून इंग्रजीत त्याला 'हेलो' कक्षा म्हणतात. प्रभावळ कक्षा म्हटलेलं मला जास्त आवडलं असतं, पण इस्रोच्या बातम्यांत हेलो रुळला आहे.

या कड्यावरही घरंगळणं सुटत नाही. जराशी चूक साधारण दोन-अडीच आठवड्यांत दुप्पट होते. आदित्यची एक फेरी १७८ दिवसांची. पहिली फेरी २ जुलै २०२४ ला पुरी झाली, तोवर तीनदा थोडं इंजिन चालवून त्याला वाटेवर आणावं लागलं होतं.

पण घरंगळण्याचा हा दोषच वाटा शोधणाऱ्यांच्या कामाला येतो. धारेवरून थेंब दोन्हीकडे जाऊ शकतो, म्हणजेच धारेवर उभं राहून कुठल्याही बाजूला नुसत्या फुंकरीने जाता येतं. उलटही खरं आहे. बेताच्या जोराने वर ढकललेला चेंडू खिंडीत पोचता पोचता मंदावतो आणि तिथे जवळजवळ थांबतो. खिंडीकडे आपोआप येणाऱ्या आणि खिंडीतून आपोआप निघणाऱ्या अशा वाटांचं अंतराळात जाळं आहे. कुणी ते बांधलेलं नाही. शोधायचं असतं.

हे ऐकून तात्या सावरून बसले. "म्हणजे पाटाचं काम," ते म्हणाले. "पाणी आपण ढकलत नाही. उतार कुठाय ते बघून चर काढतो."

समीकरण सुटत नाही, तरी वाट सापडते

दोन वस्तू एकमेकींना ओढत असतील तर त्यांची वाट सूत्राने काढता येते. तिसरी आली की संपलं. तीन वस्तूंसाठी कुठेही लागू पडेल असं सुटसुटीत सूत्र नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं, की सुरुवातीचा केसभर फरक पुढे जाऊन केवढाही होऊ शकतो. धारेवरचा थेंबच तो.

मग संशोधक काय करतात? आपण लहानपणी कैऱ्या पाडायचो तेच. पहिला धोंडा अलीकडे पडतो, दुसरा पलीकडे. किती चुकला ते बघून तिसरा जरा बेतून मारायचा. संगणकावर सुरुवातीचा वेग आणि दिशा अंदाजाने भरतात, वाट पुढे चालवून बघतात, शेवट जिथे जुळत नाही तेवढ्यावरून अंदाज सुधारतात. एक कडं सापडलं, की त्यावरून शेजारचं. असं करत कड्यांची कुळंच्या कुळं नोंदवली जातात.

या कामात एक नाव घ्यायलाच हवं. कॅथलीन हॉवेल. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या परड्यू विद्यापीठात त्या १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून एरोस्पेस शिकवत आल्या. नील आर्मस्ट्राँग शिकले तेच हे विद्यापीठ. हॉवेलबाईंची पीएच.डी. १९८३ ची, स्टॅनफर्डमधली, जॉन ब्रेकवेल यांच्या हाताखाली. त्याच ब्रेकवेल सरांचे आधीचे विद्यार्थी रॉबर्ट फरक्वार, ज्यांनी १९६०च्या दशकात 'हेलो' हे नाव दिलं. आपल्याकडे गाण्यात घराणं असतं ना, तसंच हे.

फरक्वार यांची मूळ कल्पना अशी होती, की पृथ्वी-चंद्राच्या जोडीतल्या, चंद्राच्या पाठीमागच्या खिंडीभोवती यान फिरवायचं, म्हणजे चंद्राच्या न दिसणाऱ्या बाजूशी बोलता येईल. अपोलो तिकडे उतरलंच नाही, कल्पना कागदावर राहिली. पन्नासेक वर्षांनी, २०१८ मध्ये, चीनने 'च्वेछियाव' नावाचं यान नेमकं तिथे नेलं आणि त्याच्या मदतीने ३ जानेवारी २०१९ ला चंद्राच्या पाठीवर यान उतरवलं.

हॉवेलबाईंचंही तसंच. १९८४ मध्ये त्यांनी ब्रेकवेल यांच्यासोबत चंद्राजवळच्या काही ताणलेल्या, जवळजवळ सरळ रेषेसारख्या हेलो कक्षांवर निबंध लिहिला. त्या जातीच्या कक्षेत पहिलं यान पोचलं १३ नोव्हेंबर २०२२ ला. कॅपस्टोन त्याचं नाव, वजन सुमारे २५ किलो, आकार घरातल्या मायक्रोवेव्हएवढा. निबंध ते यान, ३८ वर्षं. मधल्या काळात बाई काय करत होत्या? शिकवत होत्या. नासाच्या जेनेसिस यानाची वाट आखायला त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने हातभार लावला. ते यान २००१ मध्ये एल-१ ला जाऊन सूर्याकडून येणारे कण गोळा करून २००४ मध्ये परतलं. उतरताना पॅराशूट उघडलं नाही आणि नमुने ठेवलेली कुपी अमेरिकेतल्या यूटाच्या वाळवंटात आदळली. चूक एका स्विचच्या बसवण्यातली होती. वाट बिनचूक होती, यान ठरल्या जागी आलं होतं आणि फुटलेल्या कुपीतूनही नमुने वाचवता आले.

"हे सगळं कम्प्युटर करत नाही का?"

करतो, पण सांगितलं तेवढंच. तुमच्या अंदाजाच्या आसपासची वाट तो घासूनपुसून देतो. अंदाजच चुकीच्या खोऱ्यातला असेल तर चुकीच्या खोऱ्यातली सुंदर वाट मिळते.

जपानच्या हितेन यानाची गोष्ट याला चांगली. हितेन १९९० मध्ये उडालं. त्याने चंद्राकडे सोडलेल्या लहान यानाचा रेडिओ बंद पडला. खुद्द हितेनला चंद्रावर न्यायचं तर नेहमीच्या वाटेला पुरेल एवढं इंधन नव्हतं. अमेरिकेतल्या एडवर्ड बेलब्रुनो आणि जेम्स मिलर यांनी सुचवलं, की चंद्राकडे जायचंच नाही, आधी उलट खूप लांब जायचं. तिथे सूर्याची ओढ वाट हळूच वळवते आणि परत येताना चंद्र यानाला जवळजवळ फुकट धरतो. १९९१ च्या ऑक्टोबरात हितेन तसंच चंद्राला पोचलं. कॅपस्टोनही याच प्रकारच्या वाटेने गेलं. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर, आणि हे पठ्ठं आधी १५ लाख किलोमीटर लांब जाऊन आलं. सरळ नेम धरणाऱ्या कुणालाही असली वाट सुचणार नाही.

"मग माणसांना याच वाटेने का नेत नाहीत?"

कारण माणूस जेवतो, श्वास घेतो आणि अंतराळातल्या किरणोत्साराने आजारी पडतो. चार महिन्यांची स्वस्त वाट यंत्राला परवडते. माणसांसाठी महागडी आणि झटपट वाटच बरी. या संशोधनाची ही मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जिथे घाई नाही तिथेच काटकसर.

"आमच्या पोरांना यात काही आहे का?"

हा प्रश्न चहाच्या दुसऱ्या फेरीला आला. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी किंवा तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत एरोस्पेस आहे, बेंगळुरूच्या आयआयएससीत संशोधन चालतं. गणित किंवा भौतिकशास्त्र घेऊनही या विषयात येता येतं. पण पालकांना एक सांगते. इथे रॉकेटला हात लावायला मिळत नाही. कागद, संगणक आणि चुकलेल्या धोंड्यांचा ढीग, एवढंच असतं. ज्याला कैरी पडण्यापेक्षा नेम सुधारण्यात मजा येते, त्याने यावं.

ट्रॉलीला लटकलेलं मॉड्यूल

आता ती नोव्हेंबरची बातमी. चांद्रयान-३ चं प्रोपल्शन मॉड्यूल इतक्या काटकसरीने चालवलं गेलं, की काम संपल्यावरही त्यात शंभर किलोंहून जास्त इंधन उरलं. इस्रोने ते २०२३ च्या ऑक्टोबरात चंद्राभोवतीच्या कक्षेतून काढून पृथ्वीभोवतीच्या मोठ्या कक्षेत आणलं. पुढे फिरता फिरता त्याची चंद्राशी गाठ पडली. ६ नोव्हेंबर २०२५ ला ते चंद्रापासून सुमारे ३७४० किलोमीटरवरून गेलं, ११ तारखेला पुन्हा एकदा. साधारण १ लाख बाय ३ लाख किलोमीटरची त्याची कक्षा एकदम ४ लाख बाय ७ लाखांच्या वर गेली.

जोर आला कुठून? कारखान्याच्या हंगामात आपल्याकडची पोरं सायकलवरून उसाच्या ट्रॉलीला मागून धरतात, तिथून. पायडल न मारता ट्रॅक्टरचा वेग मिळतो आणि ट्रॅक्टरला पत्ताही लागत नाही. यान धावत्या चंद्राच्या मागच्या बाजूने गेलं तर वेग मिळतो, पुढच्या बाजूने गेलं तर जातो. (पोरांनी हे करू नये, हे वेगळं सांगायला नकोच.)

तात्यांनी चहा संपवला. मुलीला जवळ बोलावून विचारलं, "पण ती ट्रॉली नाक्यावर कधी येणार, हे आधी कळायला नको का?"

"तेच शिकायला चाललेय, तात्या," ती म्हणाली.

"मग चार वर्षं पुरतील का?"